ढकलणारा आणि ओढणारा

भाऊबीजेला ताईकडे पुण्याला गेलो, तर ओवाळणीच्या ताटाआधी भाच्याची यादीच पुढे आली. हे चिरंजीव आता चाळिशीला टेकले आहेत, पण मोटारींचे वेड काही उतरत नाही. एका जुन्या मोटारीचे इंजिन उघडून त्याला टर्बो बसवायचा आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ती पळवायची, असा बेत.

"मामा, सगळं ठरलंय. फक्त कनेक्टिंग रॉड अडलाय," तो म्हणाला.

रॉडची किंमत पाहून माझ्या हातातली चकली हातातच राहिली. परदेशी बनावटीचे, एच अक्षराच्या आकाराचे, सर्वांत जाड आणि सर्वांत महाग असे चार रॉड त्याने निवडले होते. "टर्बो म्हणजे ताकद, ताकदीला जाड रॉड हवा," हा त्याचा न्याय. मी म्हटले, "उद्या देवाला येतोसच ना, मग पोखर्णीला गेल्यावर बोलू."

पोखर्णीचा नृसिंह आमच्या घरचा देव. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीने निघाले की पोखर्णी नृसिंह स्टेशन लागते, आणि दोन्ही बाजूंना कापसाची काळी रानं. दर्शन घेतले आणि मनात आले, कनेक्टिंग रॉडही या देवासारखाच! देव ना पुरा नर, ना पुरा सिंह. रॉडचे एक टोक पिस्टनबरोबर सरळ वर-खाली होते, दुसरे क्रँकबरोबर गोल फिरते. बिचारा ना सरळ, ना गोल. दोघांचे भांडण मधल्यामध्ये सोसायचे, हा त्याचा जन्म.

घरी गेल्यावर कोनाड्यातला एक गंजलेला रॉड काढून मी भाच्यापुढे ठेवला. आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा. पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला १५०० फेरे, ८० मिलिमीटरचा पिस्टन आणि ११० मिलिमीटरची त्याची धाव.

"हा तुटला कसा, ते तूच सांग."

त्याने रॉड उलटसुलट पाहिला. दांडा सरळ होता, कुठे वाक नाही. खालच्या मोठ्या डोळ्याची टोपी मात्र निसटून चेपली होती आणि दोन बोल्टांपैकी एक मधोमध तुटला होता.

"दांड्याला काहीच झालं नाही की, मामा!"

"तेच तर. आता हिशेब ऐक."

वाचकहो, हिशेब सोपा आहे. आमच्या भगिनीवर्गालाही कंटाळा येणार नाही. इंधन पेटले की पिस्टनच्या डोक्यावर दाब पडतो. ८० मिलिमीटरच्या पिस्टनचे क्षेत्र सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६० किलो दाब धरला, तर झाले ३००० किलो, म्हणजे तीन टन! हा झाला ढकलणारा. तो रॉडला चेपतो, वाकवू पाहतो. टर्बोने जास्त हवा कोंबली, जास्त इंधन जळाले, की हाच जोर वाढतो. दाब १०० वर गेला तर तीनाचे पाच टन झाले.

पण दुसराही एक आहे. पिस्टन वर जाऊन टोकाला थांबतो आणि तिथून खाली वळतो. धुराच्या फेरीत वरून दाबायला कोणी नसते, तेव्हा त्याला खाली खेचून आणायचे काम एकट्या रॉडचे. हा ओढणारा. आमच्या विहिरीवरच्या इंजिनात किलोभर वजनाला ही ओढ सुमारे पावणेदोनशे किलोची होती. तीन टनांपुढे ती किरकोळ दिसते. पण गती दुप्पट केली की ओढ चौपट होते. भाच्याच्या मोटारीचे फेरे ६००० वरून ७५०० वर नेले, तर ओढ दीडपटीहून अधिक. आणि ही ओढ दांड्यापेक्षा त्या दोन बोल्टांवर येते.

"म्हणजे टर्बो ढकलतो आणि फेरे ओढतात!" भाचा म्हणाला. पोरगा हुशार आहे.

रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ जातीचे डिझेल इंजिन घ्या. १६ सिलिंडर, टर्बो बसवलेला, ताकद २६०० हॉर्सपॉवर. पण पूर्ण वेगातही मिनिटाला फेरे फक्त १०००. तिथे ढकलणारा राक्षस, म्हणून रॉड भक्कम. शर्यतीच्या लहान इंजिनात फेरे हजारोंनी, तिथे ओढणारा राक्षस; म्हणून रॉड मजबूत तर हवाच, पण हलकाही हवा. उगाच जाड घेतला तर त्याच्या वरच्या टोकाचे वजनही त्यालाच ओढावे लागते.

तेव्हा जाड कोणता, हे विचारू नये. आधी ठरवावे, फेरे किती आणि दाब किती. फेरे मूळचेच ठेवून नुसती ताकद वाढवायची असेल, तर आय आकाराचा चांगला घडीव रॉडही पुरतो. घडीव म्हणजे लालबुंद पोलाद साच्यात दाबून केलेला. औताचे लाकूड जसे रेषेरेषेने तासतात, तसा यात पोलादाचा कण आकाराबरोबर वळतो. १९६१ साली पुण्यात निघालेल्या भारत फोर्ज कारखान्याने याच घडाईच्या कामावर नाव मिळवले. रॉडची लांबी, गजनपिनेचे माप आणि बेअरिंगची रुंदी जुळते ना, चारही रॉडांचे वजन सारखे आहे ना, हे काट्यावर पाहावे. कमी फेऱ्यांत टर्बोचा पुरा जोर देऊ नये, आणि इंजिन ठोके देऊ लागले तर तिथेच थांबावे, कारण रॉड वाकतात ते अशा वेळी. आणि बोल्ट? ते सर्वांत उत्तम, नवे, कारखान्याने सांगितलेल्या ताणाइतकेच आवळलेले. हाताच्या अंदाजावर आवळू नयेत.

"पण मामा, तुमचा बोल्ट तुटला कसा? जुना होता?"

आता खरे सांगायची वेळ आली.

१९७२ च्या दुष्काळानंतर विहिरीला पुन्हा पाणी आले. त्या रब्बीत वडिलांनी गहू पेरला. इंजिन उघडले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "भाऊ, बोल्ट थकलेत, नवे आणा." मी चौदा वर्षांचा. पैसे देऊन मला परभणीला धाडले. मी सिनेमा पाहिला, भजी खाल्ली आणि घरी येऊन सांगितले, दुकान बंद होते. गव्हाला पाणी तर हवेच. वडील म्हणाले, "घाला जुनेच." चार फेरीच्या इंजिनात ती रिकामी ओढ मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५ हजार वेळा बसते. आठव्या दिवशी बोल्ट तुटला, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गहू ओंबीत होता, तो तिथेच वाळला.

"त्या गव्हावर तुझ्या आईचं लग्न व्हायचं होतं. ते वर्षभर पुढं गेलं. वडिलांना मी कधीच सांगितलं नाही. शेवटपर्यंत ते नशिबाला बोल लावत राहिले."

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने खिशातून यादी काढली आणि महागडे रॉड खोडले. फेरे ६००० च्या पुढे न्यायचे नाहीत, असे समासात लिहिले.

पुण्याला परतल्यावर ताईलाही सारे सांगितले. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "सिनेमा तरी चांगला होता का रे?"

रॉडचे पैसे भाच्याने त्याच्या कमाईतून दिले. बोल्टांचे मात्र मी दिले. ती उधारी फार दिवसांची होती.