ब्रास नावाचा अदमास

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गुजरातेतील भिलाडच्या बाजूस उतरण्यापूर्वी तलासरी तालुक्यातील ज्या अच्छाड गावाच्या शिवारातून जातो, ते गाव बहुसंख्य प्रवाशांच्या स्मरणात राहिले आहे ते तेथील तपासणी नाक्यामुळे. मालमोटारींच्या रांगा, चालकांच्या हातांतील कागदपत्रांच्या चळती आणि गाडीतील मालाचा हिशेब मागणारे अंमलदार यांचे दर्शन ज्याला तेथे घडले असेल, त्याला या गावात वजनमापाचे काटेकोर राज्य नांदत असावे असेच वाटेल. परंतु त्याने हमरस्ता सोडून पाड्याच्या वाटेने अर्धा कोस आत जावे, आणि आगोटीच्या दिवसांत, मृगाला पंधरवडा उरला असताना, एखाद्या नव्या घराच्या अंगणात खडीची ट्रॉली कशी रिकामी होते ते पाहावे, म्हणजे या राज्याची सरहद्द महामार्गाच्या कडेलाच संपते हे त्याच्या ध्यानात येईल. घरधन्याने फोनवरून 'एक ब्रास खडी, एक ब्रास मुरूम' एवढेच सांगितलेले असते. ट्रॉली येते, हौदा उचलला जातो, धुरळ्याबरोबर ढीग पडतो, आणि पैसे चुकते करून घेऊन चालक निघून जातो. नोटा मात्र तो दोनदा मोजतो.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मेट्रिक परिमाणात २.८३ घनमीटर. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्यानंतर शेर, मण, गज, कोस ही सारी जुनी मंडळी क्रमाक्रमाने सरकारी दप्तरातून निवृत्त झाली, पण हा ब्रास बांधकामाच्या व्यवहारात असा काही ठाण मांडून बसला आहे की, खुद्द शासनाची स्वामित्वधनाची आकारणीही त्याच्याच भाषेत होते. हिशेब म्हणून तो अवघड मुळीच नाही. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद अंगणात चार इंच जाडीचा थर द्यावयाचा, तर बरोबर एक ब्रास माल लागतो. चिकूच्या वाडीतून घरापर्यंत येणारी तीन फूट रुंदीची शंभर फूट पायवाट त्याच जाडीने करावयाची, तरी एकच ब्रास. मुरूम पाणी मारून धुमसाने चोपला की बराच खाली बसतो, म्हणून शहाणा गवंडी सव्वा ब्रास मागवावयास सांगतो. एवढी बेरीज-गुणाकार चौथीतील मुलगा करील. अडचण गणिताची नसून ट्रॉलीच्या हौद्याची आहे.

माझ्या एका स्नेह्यांनी गेल्या आगोटीत अच्छाडजवळ बांधलेल्या घरापुढे खडी टाकून घेण्याचे ठरविले. घरापुढील अंगण शेणाने सारवलेले असावे की फरसबंदीचे, यावर त्यांच्या घरात महिनाभर वाद चालला होता. मुंबईकर नातलगांनी पांढऱ्या गुळगुळीत गोट्यांची चित्रे पाठविली होती. आणि अखेर, काँक्रीट घातले तर पावसाचे पाणी जोत्याशी तुंबेल, खडीतून ते निदान जमिनीत मुरेल, या विचाराने काळ्या खडीच्या बाजूने निकाल लागला. (जी भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, तेथे अंगणासाठी दूरच्या प्रांतातून पांढरे गोटे आणावेत, ही अभिरुची मला आजवर समजलेली नाही, असो.) ट्रॉली आली. हौदा आतून दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद होता. असा हौदा वीस इंच उंचीपर्यंत सपाट भरला म्हणजे एक ब्रास होतो. स्नेह्यांनी फावड्याने माथा सपाट करावयास लावून टेप आत सोडली, तो उंची भरली सतरा इंच. म्हणजे पंच्याऐंशी घनफूट.

"शेठ, पंधरा वर्षं गाडी चालवतोय, आजवर कुणी टेप लावली नाही," चालक म्हणाला.

"भाऊ, तुझ्यावर अविश्वास नाही माझा. पण पंधरा फूट खडी कुठं गेली, ते तरी सांग."

त्याला ते सांगता येईना, आणि तो खोटे बोलत होता असे मला वाटले नाही. क्रशरवर लोडरच्या इतक्या बकेटा म्हणजे एक ब्रास, असा तेथील वहिवाटीचा हिशेब. बकेट शिगोशीग भरली की निम्मीशिम्मी, हे लोडर चालविणाऱ्याच्या घाईवर अवलंबून. चालकाने तोच हिशेब शिरोधार्य मानून पैसे भरलेले, आणि गिऱ्हाइकाने चालकाच्या शब्दावर. तेव्हा लबाडीचा दोष द्यावा तर तो कोणाच्या खात्यावर मांडावा? येथे सगळेच अदमासाने विकतात आणि अदमासाने घेतात. आणि या साखळीत अखेरच्या कडीला जो उभा असतो, त्याच्याच अंगणात तूट उघडी पडते.

मला जे विलक्षण वाटते ते हे की, हाच ब्रास सरकारच्या वहीत गेला की एकाएकी काटेकोर होतो. दगड, मुरूम यांसारख्या गौण खनिजांवरील स्वामित्वधन १ जुलै २०२१ पासून ब्रासमागे ४०० रुपयांवरून ६०० रुपये झाले. वाहतुकीसाठी 'महाखनिज' प्रणालीतून परवाना निघतो व त्यावर परिमाण नोंदलेले असते. आणि परवान्याविना माल आढळला, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ अन्वये बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहनाची जप्ती. महसूल बुडू नये म्हणून ही दक्षता योग्यच आहे, आणि डोंगर पोखरून नेणाऱ्यांना तिचा धाक असावा तेवढा थोडाच. परंतु ज्या मापावर सरकार आपला हक्क वसूल करते, तेच माप प्रजेच्या अंगणापर्यंत का पोहोचू नये? अच्छाडच्या शेतकऱ्याला त्या परवान्याची प्रत मागावी हे ठाऊक नाही, आणि मागितली तर ती मिळेलच अशी खात्रीही नाही.

काही जाणकार म्हणतील की, घनफळाचा नाद सोडून माल वजनावर घ्यावा. महामार्गाच्या कडेला वजनकाटे आहेत, भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की तंटा मिटला. खडीपुरते हे बव्हंशी खरे आहे. एक ब्रास खडी साधारणपणे चार ते साडेचार टन भरते, आणि पावतीवरील आकडा याहून फार खाली असला तर शंका घेण्यास जागा आहे. परंतु रेतीच्या बाबतीत मात्र पाणी दोन्ही तराजूंत बसते. ओलसर रेतीचे कण एकमेकांपासून दूर सरून तिचे आकारमान पाचसहा टक्के ओलाव्याला वीस-पंचवीस टक्क्यांनीही फुगते; म्हणजे फुटांनी मोजली तर हवा विकत घेतली, आणि वजनाने घेतली तर पाणी. जुने गवंडी यासाठी एका डब्यात रेती भरून तिच्यावर पाणी ओतीत व ती किती खाली बसते ते पाहून मनाशी वट्टा धरीत. क्रशरची कृत्रिम वाळू आल्यापासून रेतीची चणचण थोडी सैल झाली असली, तरी तो डबा अडगळीत टाकण्याचे कारण नाही.

हा प्रश्न केवळ अंगणाच्या शोभेचा असता तर मी त्यावर एवढी शाई खर्चिली नसती. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, जमीन पुनःपुन्हा हादरत आली आहे. कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले वारली घर असे धक्के वाकून सोसते. पण त्याच्या जागी शासकीय साहाय्यावर जे २६९ चौरस फुटांचे पक्के घरकुल उभे राहते, त्याचा तोल काँक्रीटमधील खडी, वाळू व सिमेंट यांच्या प्रमाणावर असतो. ट्रॉलीत पंधरा घनफूट कमी आली, तर गरीब घरमालक नवी ट्रॉली मागवीत नाही, उपलब्ध मालात मिळेल तेवढी चुरी मिसळून काम पुरे करतो. आणि तूट पायात गाडली जाते. दुसरीकडे वाढवणचे नियोजित बंदर, त्याचा १,४४८ हेक्टरांचा समुद्रभराव, बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग अशी अजस्र कामे याच जिल्ह्यात दगडमातीची मागणी करीत असताना, त्यांच्या निविदांत प्रत्येक टनाची परीक्षा आणि नमुन्यांची प्रयोगशाळा आहे. एका ब्रासाच्या गिऱ्हाइकाला मात्र जे उरेल ते, आणि जसे उरेल तसे.

मापाची ही उपेक्षा याच भूमीत व्हावी याचे मला विशेष वाईट वाटते. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे मे १९४५ मध्ये वारल्यांची परिषद भरली, आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभा राहिला, त्यात त्याच वर्षी गवत कापणाऱ्यांनी केलेली मागणी पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये अशी होती. नुसती मजुरी वाढवा असे ते म्हणाले नाहीत. किती गवताला किती, हे त्यांनी सांगितले. दररोजच्या कष्टाला उक्ता दर देणाऱ्या सावकारापुढे वजनाचा आकडा ठेवणे हेच त्या माणसांचे धारिष्ट होते.

त्यांच्या नातवंडांच्या हाती आज कायद्याने त्याहून मोठे साधन आहे. डहाणू व तलासरी हे अनुसूचित क्षेत्र; १९९६ च्या पेसा कायद्याने तेथे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आवश्यक केली आहे. ग्रामसभा बहुधा एवढाच विचार करते की, खाण हवी की नको. माझ्या मते तिने शिफारस करतानाच ठणकावून सांगावे की, या खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या हौद्यावर आतील लांबी-रुंदी रंगवलेली असावी आणि वीस इंचांची, किंवा त्या हौद्याला जी लागू असेल ती, रेघ ओढलेली असावी. पूर्वी कोकणात सोळा पायल्यांचा फरा असे आणि आठ फऱ्यांची खंडी. भाताचे माप गावाच्या डोळ्यांसमोर होई. ग्रामपंचायतीने एक लाकडी गज आणि एक टेप चावडीत टांगून ठेवली, तर त्याला ना निधी लागणार, ना प्रशासकीय मान्यता. यामुळे दर थोडा चढेल, अशी हरकत ऐकू येतेच. चढू द्यावा. शंभर फुटांचा योग्य दर देणारे गिऱ्हाईक पंच्याऐंशी फुटांना स्वस्त समजणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा अखेर फायद्यातच राहते.

त्या दिवशी स्नेह्यांनी पैसे कापून घेतले नाहीत. पुढच्या ट्रॉलीत भरपाई करून दे, एवढेच बजावले. दुसरी ट्रॉली तीन दिवसांनी आली आणि माथ्यावर शीग घेऊन आली. माल उतरल्यावर चालक घुटमळला, म्हणाला, "शेठ, ती टेप दोन दिवस देता का? क्रशरवर त्या लोडरची बकेट एकदा मोजून बघायचीय." टेप अद्याप परत आलेली नाही.