समुद्रकाठच्या थायलंडमध्ये आडनाव विचारत नाहीत, मग पुण्यात का विचारतात?

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांत गेल्या काही वर्षांत एक नवे स्वप्न फिरते आहे. अमेरिकेचे नव्हे, लंडनचेही नव्हे. थायलंडमधल्या समुद्रकाठच्या एखाद्या शांत शहरात, हुआ हिन किंवा सोंगख्लासारख्या ठिकाणी, छोटा फ्लॅट भाड्याने घ्यायचा, लॅपटॉपवर काम करायचे, सकाळी किनाऱ्यावर फिरायचे. खर्च आवाक्यातला. देश बौद्ध. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घर देताना कोणी आडनाव विचारत नाही.

या स्वप्नाची चळवळीतले काही ज्येष्ठ टिंगल करतात. पोरे शिकली आणि पळाली, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. आपला समाज उभा राहिला तोच मुळी गाव सोडून. गाव हे जातीचे कोठार आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आपले आजोबा-पणजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, देहूरोडच्या डेपोत, रेल्वेत आले तेव्हा तेही पळालेच होते की! जोहार घालण्यापासून पळाले, मेलेले ढोर ओढण्यापासून पळाले. ते पळाले म्हणून आज आपण लिहितो आहोत. तेव्हा मुंबई-बंगळुरूहून बँकॉकच्या विमानात बसणाऱ्या तरुणाला आम्ही दोष देणार नाही. मात्र तिकडे तो ज्या नावाने राहणार आहे, त्या नावाबद्दल बोलायला हवे. ते नाव म्हणजे 'एक्सपॅट'.

एक्सपॅट म्हणजे कोण? अर्थ साधा आहे: आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहणारा. मग ऊस तोडायला, बांधकामावर, मासे सोलायला दुसऱ्या देशात जाणारा एक्सपॅट का नाही? त्याला स्थलांतरित मजूर का म्हणायचे? एकाच क्रियेला दोन नावे, आणि नाव ठरते ते करणाऱ्याच्या पायरीवरून. ही युक्ती कुठून आली हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तोच श्रम एकाने केला की सेवा आणि दुसऱ्याने केला की विटाळ, हे ज्या समाजात हजारो वर्षे चालले त्यातून आपण आलो आहोत.

थायलंडचेच उदाहरण घ्या. 2024 च्या जुलैमध्ये त्या देशाने लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी नवा व्हिसा काढला. पाच वर्षांची मुदत, एका वेळी 180 दिवस राहण्याची सोय, आणि अट अशी की खात्यात पाच लाख बाट दाखवा. म्हणजे आपले कित्येक लाख रुपये. पैसे दाखवले की तुम्ही सन्माननीय पाहुणे. आता बँकॉकच्या शेजारी समुत साखोन नावाचा जिल्हा आहे, तिथले महाचाय हे मासळीचे मोठे केंद्र. तेही समुद्रकाठचेच शहर. तिथे म्यानमारमधून आलेले हजारो मजूर कोळंबी सोलतात. हे बहुतेक मजूर बौद्ध आहेत. थाई माणूस ज्या पाली भाषेत त्रिसरण म्हणतो, त्याच पालीत हेही म्हणतात. 2020 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या कोळंबी बाजारात कोरोनाचे रुग्ण सापडले, तेव्हा या मजुरांच्या राहत्या इमारतींभोवती काटेरी तारांचे कुंपण घातले गेले. आत मजूर, बाहेर पहारा. समुद्र एकच, बुद्ध एकच, आणि परदेशी दोघेही. एकाला एक्सपॅट म्हणतात, दुसऱ्याला तारेच्या आत ठेवतात.

म्हणून बौद्ध देश आहे एवढ्यावर हुरळून जाऊ नका. थायलंडच्या राजदरबारात आजही ब्राह्मण पुरोहित आहेत. 2019 च्या राज्याभिषेकातही त्यांचे विधी झाले. स्त्रीला भिक्खुणी म्हणून उपसंपदा द्यायला तिथला अधिकृत संघ तयार नाही. 1928 चा संघराजाचा आदेश त्याला आडवा येतो, म्हणून धम्मनंदा यांना 2003 मध्ये श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घ्यावी लागली. थाई लोकांच्या साध्या श्रद्धेबद्दल आम्हाला आदर आहे. पण बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म हा प्रश्न विचारणारा धम्म आहे, तो विमानतळावर जमा करून आत जायचे नसते.

आता पुण्यात परत येऊ, कारण या शहराने एक्सपॅट फार जवळून पाहिले आहेत. 1974 मध्ये कोरेगाव पार्कात रजनीश आश्रम सुरू झाला आणि युरोप-अमेरिकेतून माणसे येऊन राहू लागली. भगव्या कपड्यांतले गोरे स्त्री-पुरुष रस्त्यावर दिसू लागले तेव्हा सनातनी पुणे खवळले. वर्तमानपत्रांतून संस्कृती बुडाल्याची ओरड झाली. पण गंमत बघा, ओरड चालू होती आणि खोल्याही भाड्याने जात होत्या. 1981 मध्ये रजनीश अमेरिकेला गेले, 1987 मध्ये परत आले, 1990 मध्ये वारले, तरी परदेशी माणसे येत राहिली. त्यांच्या मुक्त वागण्याने धर्म बुडतो असे म्हणणाऱ्याला त्यांच्या भाड्याने धर्म बुडत नव्हता.

त्याच कोरेगाव पार्कला लागून, रेल्वे स्टेशनच्या मागे ताडीवाला रोड आहे. नदीपलीकडे येरवडा आहे. आपल्या लोकांच्या मोठ्या वस्त्या तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत. कोरेगाव पार्कच्या बंगल्यांतली धुणीभांडी करायला, बागा राखायला, मुले सांभाळायला आपल्या बायाबापड्या याच वस्त्यांतून चालत जातात. मराठवाड्याच्या दुष्काळातून पुण्यात आलेल्या या माणसाला चाळीस-पन्नास वर्षांनंतरही झोपडपट्टीवाला म्हणतात, आणि जर्मनीहून सहा महिन्यांसाठी आलेल्याला पाहुणा. (आपल्या माणसाला कोरेगाव म्हटले की नगर रस्त्यावरचे भीमेकाठचे कोरेगाव आठवते, 1 जानेवारी 1818 आठवते. पुण्यातल्या उच्चभ्रूंना कोरेगाव म्हटले की कॅफे आठवतात. एका शहराच्या दोन स्मृती.)

आणि परदेशी तरी सगळे सारखे कुठे आहेत? पुण्यात आफ्रिकेतले, येमेनचे, इराणचे विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकायला येतात. काळ्या कातडीच्या मुलाला घर शोधताना काय ऐकावे लागते ते त्यालाच विचारा. गोरा असेल तर एक्सपॅट, काळा असेल तर 'ते आफ्रिकन लोक'. वर्ण या शब्दाचा मूळ अर्थ रंग, हे पुण्यातले एजंट संस्कृत न शिकता जाणतात.

आपल्या मुलांना घर शोधताना येणारा अनुभव तर आता इतका ठरीव झाला आहे की सांगणारा आणि ऐकणारा दोघेही हसतात. एजंट फोनवर गोड बोलतो. मग विचारतो, 'पूर्ण नाव काय म्हणालात?' कांबळे, गायकवाड, वाघमारे, सोनवणे असे काही ऐकले की थोडी शांतता. गायकवाड असेल तर पुढचा प्रश्न, 'म्हणजे कुठले गायकवाड?' मग 'व्हेज की नॉनव्हेज?' आणि शेवटी 'मालकांच्या नात्यातलं कोणीतरी येणार आहे, सॉरी.' जात हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. इथेच सगळी मेख आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 मध्ये कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा सांगितला आहे. पण प्रत्यक्षात काय होते? मटणाचा वास हे कारण पुढे केले की कायद्याचे हात रिकामे राहतात. 2015 मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास करून दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना कसे टाळले जाते ते दाखवले होते. पुण्याच्या एजंटाने तो अभ्यास वाचलेला नाही, तरी पद्धत तीच.

सोसायट्यांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशी माणसालाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. हा निकाल वाचताना 1917 सालचे बडोदे आठवल्याशिवाय राहत नाही. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी आले. कोणी घर देईना म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. काही तास सार्वजनिक बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. पुढे लंडनचे शिक्षण पूर्ण करायला ज्याने कर्ज दिले तो नवल भथेना हा मित्रही पारशीच होता, हेही सांगितले पाहिजे. आमचे भांडण पारशी समाजाशी नाही, दार बंद करण्याच्या हक्काशी आहे. बाबासाहेबांनी हे अनुभव लिहिले त्या टिपणांचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. परदेशातली काही वर्षे त्यांना अस्पृश्यतेचा विसर पडला होता, आणि मायदेशी पाऊल ठेवताच राहायचे कुठे हा प्रश्न उभा राहिला, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. ज्या देशाचे ते नागरिक होते त्याच देशात त्यांना व्हिसा लागत होता.

आणि इथे आमचा थायलंडला जाणाऱ्या तरुणाशी मुख्य वाद आहे. एक्सपॅट म्हणून मिळणारी शांतता ही नागरिकाची शांतता नसते. थायलंडमध्ये परदेशी माणूस आपल्या नावावर जमीन घेऊ शकत नाही. दीर्घ मुदतीने राहणाऱ्याला दर 90 दिवसांनी इमिग्रेशनकडे पत्ता कळवावा लागतो. मत नाही, मोर्चा नाही, राजाविषयी शब्द काढला तर तुरुंग. तिथे तुझे आडनाव विचारत नाहीत कारण तिथल्या समाजात तुझी जागा कोणती हा प्रश्नच त्यांना पडलेला नाही. तू पैसे खर्च करून जाणारा आहेस. ही सुटका खरी आहे, तिचा आनंदही खरा आहे. पण तिला समता म्हणू नका. हुआ हिनच्या किनाऱ्यावर थाई राजाचा एक राजवाडा आहे, त्याचे नाव 'क्लाय कांगवोन', म्हणजे चिंतांपासून दूर. 1932 च्या जूनमध्ये बँकॉकमध्ये क्रांती झाली आणि राजेशाहीची निरंकुश सत्ता गेली, तेव्हा राजा त्याच वाड्यात विश्रांती घेत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इकडे येरवड्याच्या तुरुंगात बाबासाहेब आपल्या हक्कांसाठी एकटे झुंजत होते. चिंतांपासून दूर राहण्याची चैन कोणाला परवडते, बघा.

शिवाय जातही विमानात बसते. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने सिस्को कंपनीतल्या जातिभेदाच्या तक्रारीवरून खटला भरला. 2023 च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक गव्हर्नरने नकाराधिकार वापरून अडवले, आणि ते अडावे म्हणून जिवाचे रान करणारे लोक आपल्याच देशातून गेलेले 'एक्सपॅट' होते. आज थायलंडच्या शांत शहरात तू एकटा भारतीय असशील. उद्या शेजारी पुण्याचा कोणी आला की पहिला प्रश्न येईल, 'पूर्ण नाव काय?'

सरकारला हे सगळे बरे समजते. 2022 मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे समाजशास्त्रीय विषय काढून टाकले. म्हणजे जा, संगणक शिका, एक्सपॅट व्हा. फक्त जातीवर अभ्यास करू नका. बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला भारतातील जातींवरचा निबंध या नियमात बसला नसता. बाबासाहेब ज्या घरात राहिले ते लंडनमधले घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले, स्मारक केले. घर विकत घ्यायला हरकत नाही, पण त्या घरात बसून बाबासाहेबांनी जे केले ते आमच्या मुलांनी करायचे नाही, असा याचा अर्थ.

मग करायचे काय? पुण्यापासूनच सुरुवात करू. दर जून-जुलैमध्ये नांदेड, लातूर, बुलढाणा, यवतमाळहून आपली मुले-मुली शिकायला पुण्यात येतात. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरले आहेत. रक्कम अपुरी आहे, वेळेवर मिळत नाही, हे रडगाणे सर्वांना ठाऊक आहे. पण या योजनेच्या मुळाशी एक गृहीतक आहे त्याकडे कोणी पाहत नाही. पैसे असले की खोली मिळते, असे ती धरून चालते. सदाशिव पेठेत किंवा कोथरूडला पैसे घेऊन गेलेल्या वाघमारे आडनावाच्या मुलीला विचारा, मिळते का ते.

म्हणून आमची मागणी नुसती भत्ता वाढवण्याची नाही. भाड्याचे घर आणि सोसायटीचे सभासदत्व नाकारताना जात, धर्म किंवा आहाराचे कारण देता येणार नाही, असा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात हवा, आणि नकार जातीमुळे नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी घरमालकावर हवी. तोपर्यंत ज्यांना नकार मिळतो त्यांनी हसण्यावारी न नेता तारीख, वेळ, एजंटाचे मेसेज जपून ठेवावेत. दहा जणांच्या अशा नोंदी एकत्र आल्या तर त्या आयोगापुढे ठेवता येतात; एकट्याचा अनुभव हा फक्त अनुभव राहतो.

आणि जे गेले आहेत, जाणार आहेत, त्यांच्यासाठी. 1954 च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. परतताना बुद्धमूर्ती घेऊन आले आणि 25 डिसेंबरला देहूरोडच्या विहारात तिची स्थापना केली. तुम्ही मूर्ती आणू नका, थाई मूर्ती आता आपल्या विहारांत पुरेशा झाल्या आहेत. हुआ हिनमध्ये एका महिन्याला जेवढे भाडे भरता तेवढे वर्षातून एकदा इकडे पाठवा. ताडीवाला रोड किंवा विश्रांतवाडीला दोन-तीन खोल्या वर्षभराच्या भाड्याने घेऊन ठेवता येतील. नांदेडहून पहाटे शिवाजीनगरला उतरलेल्या मुलीला वसतिगृहाची यादी लागेपर्यंत तिथे राहता येईल, आणि दारावर तिचे आडनाव कोणी विचारणार नाही.