बेतणे

मराठीत शिवणारा माणूस कापड नुसते कापत नाही, ते बेततो. अंगाचे माप, कापडाचा पन्हा आणि गाठीचा पैसा यांचा मेळ मनात बसल्यावरच कात्री चालते. आज आपण सहलीचे बेत करतो, प्रसंग जिवावर बेततात. कापड बेतणारे घर मात्र विरळा झाले आहे.

याची किंमत उन्हाळ्यात कळते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि आपण पॉलिएस्टर मिसळलेल्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या शर्टात वर्गावर जातो. सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतूनच सामावून घेते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. परंतु प्रश्न केवळ कापडाचा नाही, बेताचाही आहे. हवा खेळायची तर कपडा अंगापासून सुटा हवा, आणि सुटा कपडा म्हणजे गबाळेपणा, असे आपण ठरवून टाकले आहे.

गेल्या चैत्रात मी मलमलीचा सदरा शिवायला घेतला. पहिला बिघडला. कापड आधी भिजवले नव्हते, त्यामुळे तो धुण्यात आटला. शिवाय फळ्यावर लिहायला हात उचलला की काखेत ताण बसे. मग वडिलांचा जुना सदरा उसवून पाहिला. अंग, बाह्या, सारे सरळ चौकोन. काखेत मात्र एक लहानसा चौकोनी तुकडा कोनावर बसवलेला. तेवढ्याने हात मोकळा होतो आणि कापडही फारसे वाया जात नाही. 'रूपबंध' या संज्ञेवर मी अनेक वर्षे बोलत आलो. गरजेतून रूप कसे घडते, हे त्या तुकड्याने अधिक नेमके सांगितले.

येथे स्मरणरंजनाचा धोका आहे, हे मान्य करायला हवे. आमच्या आईचे शिवणे हा छंद नव्हता. दुपारची झोप मोडून केलेले ते काम होते आणि त्याला कोणी काम म्हटले नाही. घरच्या शिवणीचा गौरव करून बाईला पुन्हा यंत्रापुढे बसवायचे असेल, तर तो गौरव नको. अनेक शाळांत शिवण मुलींपुरते होते. म्हणूनच ते ज्ञान ठरले नाही. ते मुलग्यांनाही शिकवायला हवे.

सर्वांनी शिंप्याकडे जाणे सोडावे, असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याने एकदा अडीच मीटर कापड स्वतः बेतले, तो तयार कपडा उलटून त्याची शिवण पाहतो, तिच्यामागची मजुरी आठवतो आणि 'टापटीप' कोणाच्या हवामानात ठरली, असे विचारतो. वकिलांच्या पोशाखाच्या नियमांतही उच्च व सर्वोच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. बार कौन्सिलला जे सुचले, ते आपल्या महाविद्यालयांना सुचायला हरकत नसावी.