खुर्चीच्या तासाला भाव, माणसाच्या तासाला नाही

नाशिकच्या कॉलेज रोड व गंगापूर रोड परिसरातील कॅफेंच्या गर्दीत आता बसून काम करण्याची जागा तासाच्या भाड्याने देणाऱ्या 'को-वर्किंग कॅफें'ची भर पडली आहे. तेथे विकली जाणारी मुख्य वस्तू कॉफी नसून वेळ आहे. ग्राहकाचा तास केव्हा सुरू झाला व केव्हा संपला याची नोंद चोख ठेवली जाते. परंतु टेबल पुसणाऱ्या मुलाच्या तासांचे काय? अशाच एका जागी आम्ही एका मुलाला घरी जाण्याची वेळ विचारली. "शेवटचे गिऱ्हाईक उठले की," असे उत्तर मिळाले. साप्ताहिक सुटी? "मागितली तर मिळते."

हा केवळ एका मालकाच्या स्वभावाचा प्रश्न नव्हे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुटी व जादा कामाला दुप्पट वेतन हे हक्क मान्य केले. परंतु दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्यांतून वगळून केवळ सूचना देण्याचे बंधन ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर व कामाचे तास दहावर नेण्यास मंजुरी दिली. अशा किती कॅफेंत वीस नोकर असतात? संघटना उभी राहणे जेथे सर्वांत कठीण, नेमके तेथेच कायद्याचे छत्र संपते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुटी आज या मुलाला मालकाच्या मर्जीने मिळावी, ही प्रगती म्हणावयाची काय?

लहान व्यावसायिकाला हा भार पेलवत नाही, असे सांगितले जाते. त्यात तथ्यांश आहे. जागेचे भाडे जबर असते. परंतु भाडे थकले तर जागा जाते, म्हणून ते भरले जाते; नोकराचे जादा तास मात्र फुकट घेता येतात. धंद्यातील जोखीम सर्वांत दुबळ्याच्या अंगावर ढकलणे ही उद्योजकता नव्हे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी १९५७-५८ पासून सहकारी संस्था स्थापन करून इंडियन कॉफी हाऊस चालविले. त्यांतील अनेक आजही चालू आहेत.

किमान वेतनाच्या हक्काला नोकरांच्या संख्येची अट नाही. कार्यकर्त्यांनी तेथून आरंभ करावा. प्रत्येक नोकराने आपल्या तासांची वही स्वतः ठेवावी आणि तक्रार कामगार कार्यालयात लेखी द्यावी. त्याच दालनात संगणक उघडून बसलेल्या तरुणांतही कंत्राटावर जगणारे, रजा वा भविष्य निर्वाह निधी नसलेले अनेक आहेत. कॉफी आणून देणारा मुलगा आपल्याच वर्गाचा आहे, हे त्यांना पटविणे आपले काम आहे. जेथे एक जरी नोकर आहे तेथे कामाच्या तासांचा कायदा लागू झालाच पाहिजे, याहून कमी मागणी आपण करता कामा नये.