सायकल परत कोण करणार?

मंडळी, शनिवार-रविवार निवांत काढावा म्हणून छावणीत घरी आलो होतो. आईने पोहे पुढ्यात ठेवले आणि फोन वाजला. "सर, परत हँग झालं!"

गेले तीन आठवडे आमची एक सर्व्हिस रोज संध्याकाळी मान टाकत होती. त्यावर आम्ही शोधलेला जालीम उपाय म्हणजे रीस्टार्ट. रात्री दोन वाजता आपोआप रीस्टार्ट करणारी स्क्रिप्टसुद्धा कुणीतरी (म्हणजे मीच) लावली होती. नेटवर्कवाले म्हणत, समोरच्यांचा सर्व्हर खराब. समोरचे म्हणत, तुमचं नेटवर्क खराब. मधल्या मधे ड्यूटीवरचा पोरगा तीन आठवडे धड झोपला नव्हता.

त्या दिवशी मात्र त्याला फोनवरच नेटस्टॅट चालवायला सांगितलं. समोरच्या सर्व्हरशी किती कनेक्शन दिसतात?

"फक्त दोन, सर. दोन्ही क्लोज-वेटमध्ये."

आम्ही हजारो शोधत होतो, निघाली दोन! क्लोज-वेट म्हणजे समोरच्याने आपली बाजू बंद केली आहे आणि आपला प्रोग्रॅम 'क्लोज' कधी म्हणतोय याची लिनक्स वाट बघतंय. या वाट बघण्याला मुदत नसते. थोडक्यात, दोष ना नेटवर्कचा, ना समोरच्याचा. आपलाच.

लहानपणी आम्ही इथे तासावर सायकल भाड्याने घ्यायचो. दुकानात मोजक्याच सायकली. दुकानदार वहीत नाव लिहायचा, आम्ही पाणचक्कीपर्यंत चक्कर मारून यायचो आणि सायकल परत करायचो. आता समजा, दुकानात दोनच सायकली आहेत आणि दोन पोरं त्या पाणचक्कीपाशीच टाकून चालत घरी गेली. वहीत सायकली 'बाहेर'. दुकानासमोर पोरांची रांग, आणि रांगेतलं कुणीच कंटाळून घरी जात नाही. धंदा बंद!

माझ्या कोडमध्ये नेमकं हेच होतं. उत्तर २०० आलं की सगळं ठीक. ४०४ आलं की मी सरळ नल देऊन बाहेर पडत होतो. बॉडी वाचली नाही, रिस्पॉन्स बंद केला नाही. आम्ही वापरत होतो ते अपाचेचं एचटीटीपी-क्लायंट ४. त्यात आपण काही बदललं नाही तर एका सर्व्हरसाठी २ कनेक्शन मिळतात, सगळे सर्व्हर मिळून २०, आणि पूलमधून कनेक्शन मिळेपर्यंत थांबायला मर्यादा नाही. दिवसभरात दोनदा ४०४ आला की खेळ खलास.

हा २ चा आकडा जुना आहे. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये सल्ला होता की एका वापरकर्त्याच्या क्लायंटने एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त कनेक्शन ठेवू नयेत. २०१४ मध्ये आरएफसी ७२३० ने ती मर्यादा काढून टाकली. पण सवयी कुठे लगेच जातात?

हे कळल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक रिक्वेस्टला नवीन क्लायंट, काम झालं की बंद. म्हणजे चक्कर मारायला दरवेळी नवी सायकल विकत घ्यायची! जो आधी बंद करतो त्याच्या बाजूला टाइम-वेट राहतो, लिनक्सवर ६० सेकंद. बाहेर जायला पोर्ट साधारण २८ हजार. एकाच सर्व्हरशी सेकंदाला सुमारे ४७० च्या वर नवीन कनेक्शन करत राहिलात की पोर्ट संपले. एचटीटीपी १.१ मध्ये कनेक्शन उघडं ठेवणं हाच नियम केला, तो उगाच नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. क्लायंट एकच ठेवा आणि सगळ्यांनी तोच वापरा. रिस्पॉन्स मात्र प्रत्येक वाटेवर बंद झालाच पाहिजे, चुकीच्या वाटेवर आधी. बॉडी शेवटपर्यंत वाचलीत तर कनेक्शन पूलमध्ये परत जातं; न वाचता बंद केलंत तर ते तुटतं, पण निदान जागा मोकळी होते. जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस २०११ पासून आहे, विसरायला निमित्त उरलेलं नाही. आणि टाइमआउट स्वतः लिहा. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये तुम्ही दिला नाहीत तर तो नसतोच.

रिव्ह्यूला बसलात की व्हेरिएबलच्या नावांवरून वाद घालण्याआधी एक प्रश्न विचारा: एरर आली तर हे परत कोण करणार? हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीही मला विचारला नाही.

आणि रीस्टार्टची स्क्रिप्ट? सर्व्हिस रोज सकाळी धडधाकट दिसायची ती तिच्यामुळेच. म्हणून तर तीन आठवडे कुणी मुळाशी गेलं नाही.

असो. चार ओळींचा बदल होता. सोमवारी कोड चढवला, स्क्रिप्ट काढून टाकली आणि त्या पोराला दोन दिवस सुट्टी दिली. माफीही मागितली, कारण बग माझा होता आणि जागरण त्याचं.

तुमच्याकडे आहे का अशी एखादी रात्री दोनची स्क्रिप्ट? सोमवारी बघाच. :-)