फिस्टुला केला, पण पुन्हा तपासला का?

भिवंडीत लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाची मूत्रपिंडे निकामी झाली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, डायलिसिस कुठे होईल? 2016 चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना यांमुळे हा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. आता घोडे अडते ते दुसरीकडे. यंत्राला रक्त द्यायचे कुठून?

डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला अडीचशे ते तीनशे मिलिलिटर रक्त लागते. हाताच्या साध्या शिरेतून ते मिळत नाही, म्हणून मनगटाजवळ किंवा कोपरापाशी धमनी शिरेला जोडतात. हाच फिस्टुला. 1966 साली न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. आजही पहिली पसंती तिलाच आहे. धमनीच्या दाबाने शीर फुगते, जाड होते आणि काही आठवड्यांत सुई टोचण्याजोगी होते.

पण दर वेळी तसे होत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत तयार न होणाऱ्या फिस्टुलांचे प्रमाण वीसपासून साठ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. अनेकदा जोडाच्या जवळच शीर अरुंद झालेली असते. अशा रुग्णाला महिनोन् महिने 'चेंडू दाबत राहा' एवढेच सांगितले जाते. चेंडू दाबायला हरकत नाही, पण अरुंद झालेली शीर त्याने उघडत नाही. तोवर मानेतली नळी तशीच राहते आणि थंडी वाजून ताप येण्याची टांगती तलवारही. नळीतून जंतू थेट रक्तात जातात.

खरे तर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी बोटांनी चाचपले आणि डॉपलर सोनोग्राफी केली, की दोष कुठे आहे ते बहुधा कळते. मग अरुंद जागी बारीक तार नेऊन फुगा फुगवायचा, म्हणजेच बलून अँजिओप्लास्टी. जागेवरची भूल पुरते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. सोनोग्राफीच्या मदतीने रंगद्रव्य न वापरताही हे करता येते. फुगा रामबाण नाही. शीर पुन्हा अरुंद होऊ शकते, दोन-तीनदा फुगा लागू शकतो. काही रुग्णांना थोडा वर नवा जोड करणेच बरे. पण हा निर्णय वेळेत व्हायला हवा, फिस्टुला बंद पडल्यावर नव्हे. शस्त्रक्रिया एका ठिकाणी, डायलिसिस दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी असली की ही तपासणी कोणाचीच राहत नाही. ती डायलिसिस केंद्राने आपली मानावी. डिस्चार्ज कार्डावर टाके काढण्याची तारीख असते, तशी डॉपलरचीही असावी.

रुग्णाने त्या हाताचे रक्तदाब मोजू देऊ नये, त्यातून रक्तही काढू देऊ नये. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटे फिस्टुलावर ठेवून थरथर लागते का पाहावे. लागली नाही तर डायलिसिसच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.