तीन ताऱ्यांची नीतिमत्ता

सरकारला अश्लीलतेचा राग येतो तेव्हा तो कोणावर येतो, ते आधी पाहावे. राग किती खरा आहे, हे त्यावरून कळते.

२००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले. त्यासाठी मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमे घातली. ३३-अ कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांतले नाच बंद झाले. कारण काय, तर हे नाच स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक आणि लोकांची नीती बिघडवणारे. ठीक. आता शेजारचे ३३-ब कलम वाचा. तीन तारांकित व त्यावरची हॉटेले, जिमखाने, क्लब यांना ही बंदी लागू नाही! नाच तोच, गाणे तेच, पेलाही तोच. हॉटेलच्या पाटीवर तीन तारे असले की पर्यटनाचा विकास. नसले की संस्कृतीचा ऱ्हास.

गृहमंत्री होते तासगावचे आर. आर. पाटील. माणूस साधा, त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे मला कारण नाही. जमिनी विकून आलेला पैसा पोरे बारमध्ये उधळतात, संसार धुळीला मिळतात, ही बायाबापड्यांची तक्रारही खोटी नव्हती. पण शिक्षा कोणाला झाली? उधळणारा घरी गेला आणि दुसरा गुत्ता शोधू लागला. पोट मारले गेले ते नाचणारीचे. या स्त्रिया पाऊण लाखाच्या घरात होत्या, असे न्यायालयात सांगितले गेले. त्यांतल्या कितीतरी बेडिया, नट, कंजर अशा पिढ्यान्पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या. उद्या चूल कशी पेटायची, याचे उत्तर त्या कायद्यात कुठेही नव्हते. स्त्रीची प्रतिष्ठा राखायची म्हणून तिच्या हातची भाकरी काढून घ्यायची, हा न्याय आपल्याला नवा नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई राज्याने तमाशावर बंदी घातली होती, तेव्हाही कारण नीतीचेच होते. आज तोच तमाशा महाराष्ट्राचा वारसा म्हणून मिरवतो.

मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. सरकार अपिलात गेले. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आणि वर सरकारचे कान उपटले: उच्चभ्रूंसमोर केलेला नाच नैतिक आणि सामान्यांसमोरचा अनैतिक, हा भेद टिकणारा नाही, हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. यावर सरकारने काय करावे? २०१४ साली तारांकित हॉटेलांची सूट काढून तीच बंदी पुन्हा आणली. पुढच्या वर्षी तिलाही स्थगिती मिळाली. मधल्या काळात काँग्रेस आघाडी जाऊन युतीचे सरकार आले होते. त्याने २०१६ साली नवा कायदा केला: सीसीटीव्ही लावा, नाचाच्या खोलीत दारू नको, शाळा किंवा देवळापासून एक किलोमीटरच्या आत बार नको. मुंबईत शाळा नाही, देऊळ नाही, मशीद नाही अशी एक किलोमीटरची जागा कोणी दाखवावी! १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने या अटी रद्द केल्या. पैसे उधळण्याची मनाई मात्र कायम ठेवली, आणि ते योग्यच झाले. चौदा वर्षे गेली, पक्ष बदलले, झेंडे बदलले. खटला तोच राहिला.

कोणी म्हणेल, बारमध्ये शोषण नव्हते काय? होते. अल्पवयीन मुली होत्या, दलाल होते, मालकांची दादागिरी होती, हप्ता होता. पण अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा १९५६ सालापासून आहे, परवाना रद्द करण्याचा अधिकारही होता. ते वापरायचे तर आधी हप्ता घेणारा हात धरावा लागतो. त्यापेक्षा बाईला घरी पाठवणे सोपे. ती बहुधा परप्रांतीय, तिचे मत दुसऱ्याच गावी. तिच्या बाजूने मोर्चा निघाला तरी कोणता आमदार घाबरणार? वीज, पाणी, भाव यांवरची ओरड वाढली की सरकारला संस्कृती आठवते, ती एवढ्यासाठीच. या खात्याला निधी लागत नाही.

आणि आमच्या सीमाभागाने तर याची दुसरी बाजूही पाहिली आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये कर्नाटक विधानसभेत, कामकाज चालू असताना, मंत्री मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहत असल्याची दृश्ये दूरचित्रवाणीवर झळकली. तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. त्यांतले एक आमच्याच जिल्ह्यातल्या अथणीचे आमदार. आपण काही गैर केले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. असेल. २०१९ साली ते उपमुख्यमंत्री झाले. माझी तक्रार त्याबद्दल नाही. बारमधल्या एखाद्या पोरीला असा खुलासा करून पुन्हा मानाने कामावर येता आले असते काय, एवढेच विचारतो.

साहित्याच्या दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे ज्यांना वाटते त्यांना एक आठवण देतो. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. पुण्यात एका सद्गृहस्थांनी अश्लीलतेची फिर्याद केली. खालच्या कोर्टाने आरोपींना सोडले, तर फिर्यादीबरोबर सरकारही अपिलात गेले. उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. सात वर्षे गेली, एका कथेपायी.

काकोडकरांच्या मागे निदान वाचक होते. नाचणारीच्या मागे कोणीही नव्हते, म्हणून काठी तिच्यावर आधी आणि जोराने पडली. काठी धरणारा हात तोच आहे. २०२४ साली दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. अश्लीलतेची कलमे नवे आकडे लेवून तिथेही बसली आहेत. तेव्हा तिच्यावर काठी उगारली जाते त्या वेळी आपण लिहिणाऱ्यांनी मान फिरवू नये. आपल्याही घरावर तीन तारे नाहीत.